माशाच्या कातडीतून जंतुरोधक पेप्टाइड्स: कंट्रोल सांभाळून करायची कृती

आगारच्या प्लेटवर नमुन्याभोवती स्वच्छ वर्तुळ उमटले की प्रकल्प जमला, असे आपल्या प्रयोगशाळांत सर्रास मानले जाते. पण खाचेत नुसते ॲसिटिक आम्ल घातले तरी तसेच वर्तुळ उमटते. आणि कातडीतले कोलॅजन काढायचे ते ॲसिटिक आम्लातच! शेवटी दिसलेला गुण पेप्टाइडचा की मागे राहिलेल्या आम्लाचा, हा प्रश्न त्यामुळे पहिल्या दिवसापासून मानगुटीवर बसलेला असतो. खाली दिलेल्या कृतीची सगळी मांडणी या एका प्रश्नाभोवती आहे. सूक्ष्मजीवशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञानाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना ती दोन-तीन आठवड्यांत करता येईल. करायची मात्र प्रयोगशाळेतच आणि शिक्षक हजर असताना.

थोडी पार्श्वभूमी. त्वचा, स्नायुबंध, हाडे, कूर्चा अशा संयोजी ऊतींचा मुख्य आधार म्हणजे कोलॅजन. सस्तन प्राण्यांच्या शरीरातल्या एकूण प्रथिनांपैकी जवळजवळ तिसरा हिस्सा त्याचाच. तीन साखळ्या एकमेकींभोवती पिळलेल्या तीनपदरी दोरासारखी त्याची घडण असते आणि प्रत्येक साखळीत दर तिसरे अमिनो आम्ल ग्लायसीन असते. हा पीळ शाबूत असेपर्यंत साध्या पाचक विकरांची त्यापुढे फारशी मात्रा चालत नाही. पीळ उलगडला, साखळ्या तुटल्या, की तुकड्यांपैकी काही जिवाणूंना त्रासदायक ठरू शकतात. जिवाणूच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार असतो. धन भाराचे पेप्टाइड त्याला चिकटते, आणि त्यात पाणी टाळणारा भागही पुरेसा असेल तर पटलात घुसून ते फाडते.

यातले सर्वांत जोरकस काम स्वीडनच्या लुंड विद्यापीठातल्या संशोधकांनी सहाव्या प्रकारच्या कोलॅजनवर केले आहे. या कोलॅजनच्या दोन्ही टोकांना गोलसर भाग असतात आणि धन भाराची प्रभावी पेप्टाइड्स तिथून मिळतात. कातडीत भरभरून असते ते पहिल्या प्रकारचे कोलॅजन, आणि त्याची गोष्ट जरा फिकी आहे. कॅनडातल्या लावाल विद्यापीठाच्या गटाने २०१६ मध्ये माशाच्या कोलॅजनमधून ‘कोलॅजेन्सिन’ हे १२ अमिनो आम्लांचे पेप्टाइड वर्णिले. स्टॅफिलोकॉकस ऑरियसची वाढ पूर्ण थांबायला त्याची १.८८ मिलिमोलर मात्रा लागली, म्हणजे मिलिलीटरला साधारण २ मिलिग्रॅम. नावाजलेली जंतुरोधक पेप्टाइड्स काही मायक्रोमोलरमध्येच काम करतात. तेव्हा पहिल्या प्रकारच्या कोलॅजनपासून फार मोठी अपेक्षा धरू नये. गुण असला तर तो मंद असणार, आणि मंद गुण मोजायचा तर बाकीचा गोंगाट आधी बंद करावा लागतो.

कातडी निवडणे

चिलापी घ्या. उजनी धरणाच्या पाण्यात ती भरपूर आहे आणि भिगवण-इंदापूरकडून ती बाजारात येते. कातडी जाड आणि मजबूत असते. ब्राझीलमध्ये फोर्तालेझाच्या डॉक्टरांनी भाजलेल्या रुग्णांच्या जखमांवर हीच कातडी निर्जंतुक करून वापरली आहे. मासे कापून देणाऱ्याकडे कातडी बहुधा टाकूनच दिली जाते. त्याला आदल्या दिवशी सांगून ठेवा आणि बर्फाचा डबा स्वतः घेऊन जा. कातडी बर्फात ठेवूनच आणायची. उन्हात तासभर राहिलेल्या कातडीत जिवाणूंनी तिचे पचन आधीच सुरू केलेले असते.

चिलापीची एक अडचणही आहे. तिच्या शरीरात पिसिडिन नावाची स्वतःची जंतुरोधक पेप्टाइड्स असतात. मासे त्वचेच्या बुळबुळीत थरातही असे संरक्षक रेणू बाळगतात. त्यांचा कोलॅजनशी काही संबंध नाही. कातडी नीट न धुता पुढे गेलात तर माशाच्या या पेप्टाइड्सचे श्रेय तुम्ही कोलॅजनला देऊन बसाल. पुढची क्षाराची (सोडियम हायड्रॉक्साइडने धुण्याची) पायरी कंटाळवाणी असूनही का टाळायची नाही, ते यावरून कळेल.

साहित्य

१०० ग्रॅम साफ कातडी, सोडियम हायड्रॉक्साइड, ब्युटॅनॉल, ग्लेशियल ॲसिटिक आम्ल, मीठ (सोडियम क्लोराइड), अमोनियम बायकार्बोनेट, ट्रिप्सिन, १२ ते १४ किलोडाल्टनची डायलिसिस नळी, १० आणि ३ किलोडाल्टनचे सेंट्रिफ्यूज फिल्टर, थंड सेंट्रिफ्यूज, मॅग्नेटिक स्टरर, फ्रीज-ड्रायर, पीएच मीटर, म्युलर-हिंटन ब्रॉथ, पॉलिप्रॉपिलिनच्या ९६ खाचांच्या प्लेट. साध्या पॉलिस्टायरीनच्या प्लेटला धन भाराची पेप्टाइड्स चिकटून बसतात आणि जिवाणूंपर्यंत पोचतच नाहीत, म्हणून प्लास्टिकचा हा भेद पाळा.

जिवाणू दोन: ई. कोलाय (एटीसीसी २५९२२ हा प्रमाणित वाण मिळाला तर उत्तम) आणि बॅसिलस सबटिलिस. वाण पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या एनसीआयएम संग्रहातून किंवा चंडीगडच्या एमटीसीसीमधून रीतसर मागवा. शेजारच्या प्रयोगशाळेतल्या फ्रीजमधली, नाव पुसट झालेली स्लँट ट्यूब नको. स्टॅफिलोकॉकस ऑरियस रोगकारक आहे. तशी सोय आणि सराव नसेल तर त्याच्या वाटेला जाऊ नये.

क्षार आणि चरबी

कातडीवरचे खवले काढा आणि आतल्या बाजूचे मांस बोथट सुरीने खरवडून टाका. वाहत्या थंड पाण्याखाली बोटांना बुळबुळ लागेनाशी होईपर्यंत चोळून धुवा. मग अर्धा सेंटिमीटरचे तुकडे करा. तुकडे मोठे राहिले की आम्ल मध्यापर्यंत पोचत नाही.

लिटरभर पाण्यात ४ ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड विरघळवले की ०.१ मोलरचा विद्राव होतो. त्यात तुकडे टाकून ४ अंश सेल्सिअसला हळूहळू ढवळत ठेवा. दर दोन-तीन तासांनी विद्राव बदला; असे दिवसभर करा. पहिला विद्राव गढूळ पिवळट निघतो. शेवटचा जवळजवळ स्वच्छ निघाला पाहिजे. निघत नसेल तर आणखी एकदा बदला. कोलॅजन सोडून बाकीची बरीच प्रथिने इथे धुऊन जातात. यानंतर पाण्याचा पीएच उदासीन होईपर्यंत थंड डिस्टिल्ड पाण्याने धुवा.

चरबीसाठी १० टक्के ब्युटॅनॉलमध्ये रात्रभर, थंडच. ब्युटॅनॉल पेट घेते आणि त्याच्या वाफेने डोके दुखते, त्यामुळे हे काम फ्यूम हूडमध्येच करा. सकाळी पुन्हा भरपूर पाण्याने धुवा. ब्युटॅनॉलही जिवाणूंना मारते, एवढे सांगितले म्हणजे धुण्यात कसूर होणार नाही.

आम्लात काढणे

२९ मिली ग्लेशियल ॲसिटिक आम्ल पाण्यात ओतून एक लिटर करा (आम्ल पाण्यात ओतायचे, पाणी आम्लात नाही). हा ०.५ मोलरचा विद्राव. कातडी त्यात घालून ४ अंशाला दोन ते तीन दिवस ढवळत ठेवा. काही तासांतच तुकडे फुगून काचेसारखे पारदर्शक होतात आणि विद्राव घट्ट होत जातो; स्टररची कांडी अडखळू लागली तर आणखी आम्ल घालून पातळ करा. तापमान वाढू देऊ नका. वीज गेली आणि बीकर रात्रभर खोलीच्या तापमानाला राहिले, तर कातडीतली विकरे कोलॅजन आपल्या मर्जीने तोडतील आणि पुढचा हिशेब लागणार नाही.

दुहेरी मलमलीतून गाळा, मग १५,००० जी वेगाने अर्धा तास थंड सेंट्रिफ्यूज करा. वरचा द्रव घेऊन त्यात मीठ घालायचे: लिटरला ५२.६ ग्रॅम, म्हणजे ०.९ मोलर. मीठ चिमटीचिमटीने, ढवळत घाला. पांढरे तंतू गुंतत वर येऊ लागतात, हेच कोलॅजन. रात्रभर थंड ठेवून पुन्हा सेंट्रिफ्यूज करा आणि तळाचा गोळा ०.५ मोलर ॲसिटिक आम्लाच्या शक्य तितक्या कमी आकारमानात विरघळवा.

डायलिसिस: इथे घाई नको

आता द्रवात कोलॅजन आहे, सोबत मीठ आणि आम्लही आहे. दोन्ही जिवाणूंची वाढ रोखू शकतात. नळी कोणती आहे ते आधी पाहा. ओल्या स्वरूपात पाकिटात येणाऱ्या काही नळ्या सोडियम अझाइडच्या विद्रावात ठेवलेल्या असतात. अझाइड हे जिवाणूंचे विष आहे आणि नळी न धुता वापरली तर ते थेट तुमच्या नमुन्यात उतरते. तेव्हा नळी आतून-बाहेरून भरपूर डिस्टिल्ड पाण्याने धुवा आणि मगच द्रव तिच्यात भरा.

पहिला दिवस ०.१ मोलर ॲसिटिक आम्लाविरुद्ध, नंतरचे दोन दिवस डिस्टिल्ड पाण्याविरुद्ध. पाणी दिवसातून तीनदा बदलायचे. मीठ गेले की नाही हे अंदाजाने ठरवू नका. बाहेरच्या पाण्याचे ५ मिली घेऊन त्यात सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाका. पांढरट धूसर झाले तर क्लोराइड अजून आहे. पाणी लख्ख राहिले तर पुढे जा. त्याच पाण्याचा पीएचही मोजा. या दोन तपासण्यांना पाच मिनिटेही लागत नाहीत, आणि सगळ्या कामाची विश्वासार्हता त्यांच्यावर अवलंबून असते.

फ्रीज-ड्राय केल्यावर पांढरा, हलका, स्पंजासारखा पदार्थ मिळतो. त्यातला कणभर ७.५ टक्क्यांच्या एसडीएस जेलवर चालवून पाहा. पहिल्या प्रकारच्या कोलॅजनमध्ये दोन अल्फा-१ आणि एक अल्फा-२ साखळी असते, त्यामुळे जवळजवळ असलेल्या दोन पट्ट्यांपैकी वरची खालचीपेक्षा गडद दिसली पाहिजे. आणखी वर बीटाची पट्टी असते. खाली बारीक पट्ट्यांची गर्दी दिसली तर क्षाराची पायरी अपुरी झाली, असे समजा.

आणखी एक गोष्ट. प्रथिन मोजायला २८० नॅनोमीटरवरचे शोषण वापरू नका. कोलॅजनमध्ये ट्रिप्टोफॅन नसते आणि टायरोसीन नावापुरते असते, त्यामुळे भरगच्च नमुनाही रिकामा वाटतो. ब्रॅडफर्डची पद्धतही कोलॅजन कमी दाखवते. कोरडे वजन आणि बाययुरेट यांवर भिस्त ठेवा. पेप्टाइड्ससाठी २१४ ते २२० नॅनोमीटरवर मोजा.

साखळी तोडणे

पपईच्या चिकापासून बनणारे पेपेन आपल्याकडे सहज आणि स्वस्तात मिळते. ते वापरायचा मोह होईल, पण त्याला काम करायला सिस्टीनसारखे रसायन सोबत लागते आणि ते नमुन्यात उरते. म्हणून इथे ट्रिप्सिन घेतले आहे. ते लायसीन आणि अर्जिनीननंतर साखळी कापते, त्यामुळे बहुतेक तुकड्यांच्या शेवटी एक धन भार आपोआप येतो. वर उल्लेख केलेल्या कोलॅजेन्सिनच्या शेवटीही लायसीनच आहे.

१ ग्रॅम कोलॅजन ९० मिली डिस्टिल्ड पाण्यात घेऊन ६० अंशाला अर्धा तास ठेवा. तीनपदरी पीळ सुटतो, कोलॅजनचे जिलेटीन होते आणि द्रव पातळ व पारदर्शक होतो. ३७ अंशापर्यंत निवू द्या. मग ०.४ ग्रॅम अमोनियम बायकार्बोनेट घालून १०० मिली करा. पीएच ८ च्या आसपास येतो. हे रसायन मुद्दाम निवडले आहे, कारण फ्रीज-ड्रायरमध्ये ते वायुरूपात उडून जाते आणि मागे मीठ ठेवत नाही. मात्र ते गरम जिलेटीनमध्ये घालू नका, तिथेच विघटित होऊन फसफसेल.

थंड १ मिलिमोलर हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवलेले २० मिलिग्रॅम ट्रिप्सिन घाला. ३७ अंशाला ठेवून सुरुवातीला, मग एक, चार आणि सोळा तासांनी २० मिलीचे नमुने काढा. प्रत्येक नमुना ९५ अंशाच्या पाण्यात दहा मिनिटे ठेवून ट्रिप्सिन मारा. झाकण सैल ठेवा. बायकार्बोनेटच्या वायूने घट्ट झाकण उडते. सगळा साठा सोळा तास पचवला की जास्त पेप्टाइड्स मिळतील, असे समजण्याचे कारण नाही. फार लहान तुकडे पटल फाडू शकत नाहीत, म्हणून मधल्या वेळेचे नमुने हवेतच.

याच वेळी शेजारी आणखी दोन बाटल्या लावायच्या. एकीत जिलेटीन आणि बायकार्बोनेट, पण ट्रिप्सिन नाही. दुसरीत ट्रिप्सिन आणि बायकार्बोनेट, पण कोलॅजन नाही. पुढे मुख्य नमुन्याचे जे जे होईल ते ते या दोघींचेही झाले पाहिजे. पहिली बाटली पिसिडिनसारखा काही घुसखोर आहे का ते सांगेल, दुसरी मेलेल्या विकराचा आणि रसायनांचा हिशेब देईल.

चाळणे आणि वाळवणे

१०,००० जी वेगाने दहा मिनिटे फिरवून वरचा द्रव घ्या. सेंट्रिफ्यूज फिल्टरच्या पटलांवर ग्लिसरीनचा अंश असू शकतो, म्हणून त्यांतून आधी दोनदा नुसते पाणी काढा. १० किलोडाल्टनच्या फिल्टरवर न तुटलेल्या साखळ्या अडकतात आणि सुमारे २३ किलोडाल्टनचे ट्रिप्सिनही मागे राहते. खाली आलेला द्रव ३ किलोडाल्टनमधून काढा. असे दोन गट मिळतात: ३ ते १० आणि ३ पेक्षा कमी. दोन्ही फ्रीज-ड्राय करा, पाण्यात विरघळवून पुन्हा एकदा करा. कुपी उघडल्यावर अमोनियाचा वास येत असेल तर तिसऱ्यांदा. ट्रिप्सिन नसलेल्या बाटलीतले जिलेटीन १० किलोडाल्टनच्या वरच अडकते. तिचा वरचा आणि खालचा, दोन्ही भाग ठेवा.

चाचणी

खाचेतल्या वर्तुळाची पद्धत इथे सोडून द्या. धन भाराची पेप्टाइड्स आगारमधल्या ऋण भाराच्या गटांना चिकटतात, नीट पसरत नाहीत, आणि वर्तुळाच्या व्यासावरून ताकद ठरवता येत नाही. द्रवातली पातळीकरणाची पद्धत वापरा.

पावडर निर्जंतुक पाण्यात मिलिलीटरला २० मिलिग्रॅम अशी विरघळवा. पीएच तपासा, ७ च्या आसपास नसेल तर आणा. प्रथिन कमी धरून ठेवणाऱ्या ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा. दुप्पट ताकदीच्या ब्रॉथमध्ये हा विद्राव समप्रमाणात मिसळला की १० मिलिग्रॅम होतात. हे मिश्रण साध्या ताकदीच्या ब्रॉथने टप्प्याटप्प्याने निम्मे करत जा: १०, ५, २.५, १.२५ असे आठ खाचांपर्यंत, प्रत्येक खाचेत ५० मायक्रोलीटर.

जिवाणू ताज्या वाढीतले घ्या. बॅसिलसची जुनी वाढ घेतली तर त्यात बीजाणू असतात, शिवाय तो स्वतःच प्रथिने तोडणारी विकरे सोडतो आणि तुमची पेप्टाइड्स फस्त करतो. ०.५ मॅकफारलंड इतकी गढूळता, म्हणजे मिलिलीटरला सुमारे १० कोटी जिवाणू, जमवा. ब्रॉथमध्ये शंभरपट पातळ करा आणि प्रत्येक खाचेत ५० मायक्रोलीटर घाला. आता खाचेत मिलिलीटरला साधारण ५ लाख जिवाणू आहेत आणि पेप्टाइडची मात्रा पुन्हा निम्मी, म्हणजे ५ मिलिग्रॅमपासून खाली आहे. हा शेवटचा ‘निम्मा’ अहवालात विसरला जातो आणि आकडा दुप्पट छापला जातो.

त्याच प्लेटवर नुसते ब्रॉथ, नुसते जिवाणू, ट्रिप्सिन नसलेल्या बाटलीचे नमुने, कोलॅजन नसलेल्या बाटलीचा नमुना आणि ॲम्पिसिलिनची रांग हवी. एटीसीसी २५९२२ साठी ॲम्पिसिलिनचा मान्य पल्ला मिलिलीटरला २ ते ८ मायक्रोग्रॅम आहे. तुमचा आकडा याबाहेर गेला तर पेप्टाइडचा आकडा वाचूच नका. जिवाणूंची संख्या किंवा ब्रॉथ चुकले आहे.

प्लेट भरताच ६०० नॅनोमीटरवर एक वाचन घ्या, कारण घट्ट नमुने मुळातच थोडे गढूळ असतात. मग ३५ ते ३७ अंशाला १८ तास. दुसऱ्या दिवशी काही खाचांत वाढ कमी होण्याऐवजी नुसत्या जिवाणूंच्या खाचेपेक्षा जास्त दिसली, तर घाबरू नका. प्रथिनांचे पचवलेले तुकडे म्हणजेच पेप्टोन, आणि आपण जिवाणूंना वाढवायला तेच खाऊ घालतो. तुमचा नमुना एकाच वेळी औषध आणि जेवण असू शकतो. मंद गुण झाकला जाण्याचे हे मोठे कारण आहे.

म्हणून शेवटची एक चाचणी करा. १० मिलिमोलर फॉस्फेट बफरमध्ये, म्हणजे ब्रॉथ अजिबात नसताना, जिवाणू आणि पेप्टाइड दोन तास एकत्र ठेवा. मग पातळ करून न्यूट्रिएंट आगारवर पसरा आणि दुसऱ्या दिवशी वसाहती मोजा. मीठ कमी असल्याने भाराचे आकर्षण इथे जोरात चालते. या चाचणीत जिवाणू मरतात आणि ब्रॉथमध्ये मरत नाहीत, असे बहुधा दिसेल. तसे दिसले तर दोन्ही लिहा. शरीरातल्या द्रवांत मीठ असतेच, त्यामुळे फक्त बफरमधला आकडा छापून ‘नवे प्रतिजैविक’ म्हणणे ही वाचकाची फसवणूक आहे.

अहवालात काय म्हणायचे

पचवलेल्या नमुन्याने वाढ रोखली, आणि न पचवलेल्या जिलेटीनने व कोलॅजन नसलेल्या बाटलीने रोखली नाही, तरच ‘कोलॅजनपासून मिळालेल्या पेप्टाइड्समध्ये जंतुरोधक गुण दिसला’ असे लिहिता येते. तिन्हींनी रोखली तर दोष रसायनांत आहे; सिल्व्हर नायट्रेटपासून पुन्हा सुरुवात करा. एकानेही रोखली नाही, तरी मात्रा, वेळ आणि सगळे कंट्रोल नोंदवलेला तो पूर्ण निकाल आहे आणि तसाच सादर करावा. कोणते पेप्टाइड काम करते हे सांगायला मात्र मास स्पेक्ट्रोमेट्री लागते. तिच्याशिवाय नाव किंवा क्रम सुचवू नका.

जिवाणू लागलेल्या प्लेट आणि टिप १२१ अंशाला, १५ पाउंड दाबाखाली वीस मिनिटे ऑटोक्लेव्ह करूनच टाका. क्षाराचा आणि आम्लाचा वापरून झालेला साठा एकमेकांत हळूहळू मिसळून उदासीन करा. ब्युटॅनॉल वेगळ्या बाटलीत, सिंकमध्ये नाही. उरलेली पावडर हवेतले पाणी ओढते, तेव्हा घट्ट बंद कुपीत सिलिका जेलसह उणे २० अंशाला ठेवा आणि कुपीवर तारीख, पचनाचे तास व गट लिहा. ती कोणाच्याही जखमेवर लावण्याजोगी नाही.